पहिला घाव गिऱ्हाईकाचा

गुंडू चौगुलेला मंडईत वांगी आणायला पाठवायचं नाही, हा त्याच्या घरातला जुना नियम. केला त्याच्या बायकोनं, शेवंतानं, आणि पार वैतागून केला. हा गडी गेला की प्रत्येक वांग्याचा देठ बघणार, दाबून बघणार, कानाशी नेऊन हलवून बघणार. मागं गिऱ्हाईकं खोळंबलेली. एकदा भाजीवाली म्हणाली, "दादा, वांगं घ्यायलाय का सून बघायलाय?" तरी ह्याचं आपलं चालूच. चप्पल घ्यायला अर्धा दिवस, छत्री घ्यायला दोन बाजार. आणि घेतलेली वस्तू मात्र वीस-वीस वर्षं टिकणार, हेही खोटं नाही. म्हणून तर शेवंता बोलते आणि गप्प बसते.

आता असल्या माणसाला ट्रकसाठी बंपर करून घ्यायचा होता. म्हणजे बघा.

गुंडू मूळचा पेठ वडगावच्या बाजूचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, लोकांच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, पुढं ड्रायव्हर झाला, आणि पंचविशीत कसाबसा स्वतःचा सहा चाकी ट्रक घेतला. तोही दुसऱ्याचा वापरलेला. कारखाना सुरू झाला की ऊस, एरवी गूळ नाहीतर कागलच्या एमआयडीसीतला माल. ह्या गाडीवर त्यानं घर बांधलं, दोन पोरींची लग्नं केली. गाडीच्या टपाला हात लावल्याशिवाय तो सकाळी चहा पीत नाही. लोक हसतात. हसू देत की, त्यांचं काय जातंय!

गेल्या हंगामात कारखान्याच्या रांगेत एका ट्रॅक्टरवाल्यानं न बघता ट्रॉली मागं घेतली आणि गुंडूच्या ट्रकचा पुढचा बंपर पार दुमडला. बाजारात तयार बंपर मिळतात, नाही असं नाही. गुंडूनं चार दुकानं पालथी घातली, बोटानं पत्रा वाजवून बघितला आणि म्हणाला, "असला पत्रा धान्याचा डबा करायला बरा."

त्याला पाहिजे होता पायपाचा बंपर, स्वतःच्या मनाजोगता. बाहेर आलेली शिंगं-बिंगं काही नकोत, ती आता चालत नाहीत आणि बरी पण दिसत नाहीत. सरळ, गाडीच्या रुंदीचा, दणकट. आणि त्यात एक गोष्ट महत्त्वाची, गाडी ओढायचा हूक. उसाच्या फडात ओल असते. भरलेली गाडी चिखलात रुतली की पुढं ट्रॅक्टर लावायचा, साखळी हुकात अडकवायची आणि ओढून काढायची, हे हंगामात रोजचंच. पण त्या हुकाचा जोड सुटला तर? गुंडूनं ते डोळ्यानं बघितलं होतं. शेजारच्या फडात एका गाडीचा हूक उपटला, हाताएवढं लोखंड गोळीसारखं सुटलं आणि तोडणी टोळीतल्या एका माणसाची मांडी मोडली. तो माणूस अजून काठी घेऊन चालतो. तेव्हापासून साखळी लावली की गुंडू आधी सगळ्यांना ओरडून लांब करायचा. आपल्या गाडीपायी कुणाचं असं होऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी तो जगाशी भांडायला तयार होता.

उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपांच्या वस्तीत, गणपतरावांचं लोखंडाचं दुकान आहे. तिथं तो सकाळी गेला तो जेवणवेळेपर्यंत हलला नाही. गणपतरावांनी आधी चकचकीत पांढरा पाइप दाखवला, नळाला वापरतात तो. "गंज न्हाई धरत, गुंडू. आरशागत दिसंल."

"गाडीचं लगीन न्हाई लावायचं, गणपतराव. आणि ह्यो जस्ताचा मुलामा जाळला की धूर सुटतो, जोडणाऱ्याच्या छातीत जातो. आमचं वेल्डर करीमभाई म्हणत्यात, ह्यावर जोड बी बसत न्हाई धड."

मग खिडक्यांच्या जाळीला वापरतात तो चौकोनी पाइप आला. गुंडूनं तो बोटावर तोलला आणि परत ठेवून दिला. मग काळे पाइप. त्यांची तोंडं तो वाकून वाकून बघत होता, आत शिवण आहे का, भिंत सगळीकडं सारखी जाड आहे का. एक पाइप उचलला, जमिनीवर आपटला, आवाज ऐकला. दुसरा आपटला. तिसरा आपटल्यावर गणपतरावांनी कपाळाला हात लावला. शेवटी ढिगाच्या तळातनं एक बिनशिवणीचा, जाडजूड, काळाकुट्ट पाइप निघाला. उचलताना दोघांच्याही कमरेतनं कळ आली. गुंडूचा चेहरा फुलला. "ह्यो," तो म्हणाला, "ह्यो हाय माझा."

पाइप मिळाला. खरी अडचण पुढंच होती, आणि ती गुंडूला घरातनं निघतानाच माहीत होती.

त्याच्या ट्रकला आजवर एकाच माणसाचा हात लागलेला. वेल्डिंगवाले करीमभाई शिकलगार. उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं शेड, मागं घर. तीस वर्षांत गुंडूच्या गाडीवरचा प्रत्येक जोड करीमभाईंचा. आणि त्या दुकानाची एक रीत सगळ्या उद्यमनगराला माहीत. गिऱ्हाईकाचं काम हातात घ्यायच्या आधी करीमभाई त्याच लोखंडाचे दोन तुकडे जोडणार, कामाच्या पाटावरच्या शिकंज्यात आवळणार आणि गिऱ्हाईकाच्या हातात घण देणार. म्हणणार, "पहिला घाव गिऱ्हाईकाचा. मार." लोखंड वाकलं तर वाकू दे, जोड उघडता कामा नये. उघडला तर काम घेत नाही, चालू लाग. तीस वर्षांत कुणाला चालू लागावं लागलं नव्हतं. गुंडू ही गोष्ट परगावच्या ड्रायव्हरांना अशी सांगायचा, जणू शेड त्याच्याच मालकीचं आहे.

पण करीमभाई आता पासष्टीच्या पुढं गेले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात पडदा आलेला. चहाचा कप उचलला की अर्धा चहा बशीत. उन्हाळ्यात त्यांनी गुंडूच्या ट्रकच्या मागच्या झडपेची, म्हणजे फाळक्याची, बिजागरी जोडून दिली होती, ती महिन्यात सुटली. गुंडूनं कुणाला सांगितलं नाही. तारेनं बांधली आणि गप्प बसला.

"त्या हुकाचं काम त्यांच्याकडं देऊ नगा," शेवंता म्हणाली. "दोस्ती घरात ठेवा."

"आणि त्यांस्नी काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"तू सांगतीस?" गुंडू म्हणाला. शेवंता चुलीकडं वळली.

शेवटी गुंडूनं चोरासारखं केलं. पाइप गाडीत टाकला आणि कागलकडं निघाला. तिकडं कोण ओळखतंय आपल्याला? हमरस्त्याला एक मोठं वर्कशॉप दिसलं. तिथल्या तरण्या मिस्त्रीचं काम सुरेख होतं, जोड कसे बघत राहावेत असे. गुंडू म्हणाला, "आधी तुकडा जोडून दावा, मी घण मारून बघतो." तो मिस्त्री हसला. "पावणं, आमच्याकडं असलं काय चालत न्हाई. विश्वास असंल तर ठेवा गाडी." आणि मग बाहेर उभ्या ट्रककडं बघून म्हणाला, "ही करीमचाचांच्या हातची गाडी न्हवं? फाळक्याच्या कोपऱ्यातल्या जोडावरनं कळतंय की. मग इकडं कशाला आलाय?"

गुंडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गाडीत बसला आणि जो निघाला तो थेट उद्यमनगरात, करीमभाईंच्या दारात येऊन थांबला.

करीमभाईंना काय आनंद! त्यांनी पाइपवरनं हात फिरवला, तोंड बघितलं, "वा रं गुंडू, शिकलास की" म्हणाले. गुंडूनं फरशीवर खडूनं बंपर काढून दाखवला, इथं चासीला आवळायची पट्टी, इथं पाइप, इथं हूक. करीमभाईंनी दोन रेघा पुसून बदलल्या. मग पाइपचे दोन तुकडे कापले, जोडायला बसले. गुंडू तोंड फिरवून उभा राहिला. उजेडामुळं नव्हे. वेल्डिंगचा होल्डर धरलेला तो हात त्याला बघवत नव्हता.

जोड झाला. वरची खपली झाडून करीमभाईंनी तुकडा शिकंज्यात आवळला आणि घण पुढं केला.

"पहिला घाव गिऱ्हाईकाचा. मार."

गुंडूनं घण घेतला. तसा गडी अजून अंगानं दांडगा आहे, गुळाचा रवा, ती अख्खी ढेप, एका हातानं उचलतो. त्यानं घण वर नेला आणि खाली आणता आणता हात आखडला. टण्ण करून आवाज आला. जोड जागचा हलला नाही.

"झालं की," गुंडू म्हणाला. "पक्का हाय."

करीमभाई त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या हातातनं घण काढून घेतला.

"ढेकूण मारतोयस व्हय?" ते म्हणाले, आणि लुंगी खोचून, दोन्ही पाय रोवून, होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्यांनी घाव घातला. एकच. वाटाण्याची शेंग उकलावी तसा जोड उकलला आणि अर्धा तुकडा फरशीवर गडगडत गेला.

गुंडूला वाटलं, जमीन फाटावी.

"फाळक्याला तार बांधलीस तवाच कळलं मला," करीमभाई म्हणाले. त्यांना दम लागला होता. "रोज गाडी दारावरनं नेतोस, तार दिसत न्हाई व्हय मला? एवढं आंधळं न्हाई झालो अजून. वाट बघत हुतो, आज सांगंल, उद्या सांगंल. तीस वर्सं माझ्या घरात जेवतोस आणि तोंडावर एक खरं बोलवंना तुला?"

"करीमभाई, मला न्हाई जमलं बगा. जीवच झाला न्हाई."

"आणि उद्या साखळीबरं ह्यो हूक कुणाच्या डोसक्यात गेला असता, तर? ते जमलं असतं?"

करीमभाईंनी पडलेला तुकडा उचलला, खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितला, आणि मग मागच्या दाराकडं तोंड करून हाक मारली. "आफशीन!"

आफशीन ही त्यांची थोरली. आयटीआय करून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत वेल्डर म्हणून लागलेली, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. गुंडूला माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण ह्या शेडमध्ये तिला होल्डर धरू दिलेला नव्हता. करीमभाई म्हणायचे, कंपनीचं काम वेगळं, इथलं वेगळं. खरं कारण हाफिजाचाचीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा शेवंताला सांगितलं होतं. ह्या शेडनं माझे डोळे खाल्ले, पोरीचे खायला नकोत, असं त्यांच्या मनात होतं. तिला नोकरीवर जाऊ दिलं तेही हाफिजाचाचीनं आठवडाभर अबोला धरला तेव्हा.

आफशीन सुट्टीचा दिवस म्हणून घरी होती. ओढणी कमरेला बांधत बाहेर आली. शिकंज्यात अर्धा तुकडा, बापाच्या हातात अर्धा, गुंडूची मान खाली. तिला सांगायला काही लागलं नाही. तिनं बापाच्या हातातला तुकडा घेतला, बघितला, आणि मग कोपऱ्यातल्या वेल्डिंगच्या रॉडच्या पुड्यात हात घालून म्हणाली, "अब्बा, रॉड ओलसर हाईत. पावसाळ्यात पुडा उघडा राहिलाय. म्हणून जोड धरला न्हाई."

किती सरळ रस्ता काढून दिला होता पोरीनं बापाला! गुंडूला वाटलं, घ्यावं करीमभाईंनी, हो म्हणावं आणि सुटावं.

"रॉडला नाव ठिवू नगोस," करीमभाई म्हणाले. "रॉड ओला असंल. पण हात बी हलला माझा, आणि रेघ बी दिसली न्हाई मला. ये, बस. गुंडूचं काम हाय."

आफशीननं हातातला तुकडा खाली ठेवला. मग आत गेली आणि आपलं कंपनीतलं हेल्मेट घेऊन आली, उजेड पडला की काच आपोआप काळी होते तसलं. करीमभाईंनी ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं, स्वतःच्या डोळ्यासमोर धरून बघितलं आणि परत दिलं. आफशीननं रॉडचा पुडा उचलून स्वयंपाकघरात नेला. थोड्या वेळानं आतनं हाफिजाचाचीचा आवाज आला. "भाकरीचा तवा हाय त्यो! खिळं भाजायला हाय व्हय?" बाहेर गुंडू आणि करीमभाई दोघंही खुदकन हसले. तेवढ्यानंच शेडमधली हवा जरा हलकी झाली.

रॉड वाळले. आफशीननं पाइपच्या कडा तिरक्या घासल्या, मधे बारीक फट ठेवून तुकडे जुळवले आणि बसली. गुंडू ह्या वेळी तोंड न फिरवता, हातातल्या काळ्या काचेआडनं बघत होता. पोरीचा हात असा चालला होता, जणू शेवया वळतेय. एक थर, खपली झाडली, ब्रश मारला, त्यावर दुसरा थर. मधे करीमभाई दोनदा काहीतरी सांगायला पुढं झाले आणि दोन्ही वेळा मागं सरले. सांगण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

जोड गार झाला. शिकंज्यात आवळला. आफशीननं स्वतः घण उचलून गुंडूपुढं धरला.

"काका, मारा. आणि हात आखडू नगा."

गुंडूनं मारला. सगळा राग, सगळी शरम, कागलचा तो फेरा, सगळं त्या घावात घालून मारला. पाइप चेपला. जोड तसाच. दुसरा मारला, पाइप वाकला. तिसऱ्याला शिकंजाच पाटावरनं उचकटला आणि गुंडूच्या खांद्यातनं कळ गेली. जोड तसाच. शेजारपाजारचे मिस्त्री दारात जमा झाले होते. करीमभाईंनी वाकून जोडावरनं अंगठा फिरवला, एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग ताठ उभं राहून दारातल्या गर्दीला म्हणाले, "बघताय काय? कामं न्हाईत व्हय रं तुमास्नी?" पण आवाजात राग नव्हता. त्यांनी खिशातनं रुमाल काढला आणि तोंड पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले.

बंपर पुढच्या सुट्टीला झाला. आफशीननं जोडला, करीमभाईंनी मापं धरली, गुंडूनं दोघांना चहा आणून दिला आणि मधेमधे नको तिथं तोंड घातलं. काळ्या रंगाचा, सरळ, दणकट बंपर. गाडी गल्लीतनं बाहेर पडली तेव्हा गुंडू स्टेअरिंगवर जरा जास्तच ताठ बसला होता.

हंगाम सुरू झाला. पहिल्या खेपेला करीमभाई म्हणाले, मी येणार. "त्या हुकावर साखळी पडल्याली बघायची हाय मला."

फड होता पन्हाळ्याच्या पायथ्याला, हंबीररावांचा. पाऊस लांबलेला, रानात अजून ओल. ट्रक भरला आणि निघता निघता मागची चाकं रुतली, गाडी पार बुडावर बसली. हंबीररावांनी आपला ट्रॅक्टर पुढं लावला, साखळी हुकात अडकवली. गुंडू केबिनमधनं ओरडला, "लांब व्हा सगळी! साखळीपासनं लांब व्हा!" टोळीतली माणसं, बायका, पोरं, सगळी बांधावर गेली.

करीमभाई मात्र गेले नाहीत. ते आले ते हुकाच्या अंगालाच येऊन उभे राहिले आणि एक हात बंपरवर ठेवला.

"करीमभाई, सरका की तिथनं!"

"तू स्टेअरिंग धर."

ट्रॅक्टरवरनं हंबीरराव ओरडले, "ओ पावणं, मरायचं हाय काय?" करीमभाईंनी नुसता हात हलवला, ओढ म्हणून.

गुंडूला वाटलं, गाडी बंद करावी, खाली उतरावं, म्हाताऱ्याला बखोट धरून बाजूला न्यावं. त्याचा हात किल्लीवर गेलासुद्धा. पण काचेतनं त्याला करीमभाईंचं तोंड दिसलं. तीस वर्षांत दिसलं नव्हतं एवढं निवांत तोंड. गुंडूनं हात मागं घेतला आणि गिअर टाकला.

ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं. साखळी ताणली, कुरकुरली, काठीसारखी सरळ झाली. ट्रक थरथरला, चिखल उडाला, आणि मग चाकं हलली. ट्रक इंच इंच पुढं सरकू लागला, आणि बंपरवर हात ठेवून करीमभाई त्याच्याबरोबर चालू लागले, चिखलात, लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली. पार पक्क्या रस्त्यापर्यंत ते तसे चालत आले.

हंबीरराव ट्रॅक्टरवरनं उडी टाकून आले ते तणतणतच. हुकाकडं बघितलं, जोड जसाच्या तसा. मग करीमभाईंकडं वळले. "खुळं हाय काय हे म्हातारं? कोण हे, गुंडू?"

गुंडू उतरत होता. उत्तर त्याच्या ओठांवरच होतं, गेली तीस वर्षं तो तेच देत आला होता, उद्यमनगरातले करीम मिस्त्री, नाव ऐकलं नाही काय म्हणून. पण त्याच्या आधी करीमभाईच बोलले.

"मी आफशीन मिस्त्रीचा बाप."